साबणाची वडी, बाटली आणि सोवळे

अंगाला लावायच्या साबणावर येथे लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. कविता, कथा, आत्मकथने, चळवळीतील मतभेद असे कितीतरी विषय समोर असताना न्हाणीघरातल्या एका वस्तूची समीक्षा कशासाठी? उत्तर सरळ आहे. कोणी कोणाला शिवावे याचे नियम ज्या समाजात माणसाच्या जन्माआधीच ठरत आले, त्या समाजात अंग धुण्याची वस्तू ही नुसती वस्तू राहत नाही. तिच्याभोवती शब्द जमतात, समजुती जमतात, जाहिराती जमतात. हे सारे वाचता येते, आणि जे वाचता येते त्याची समीक्षा करता येते.

शहरी मध्यमवर्गाच्या न्हाणीघरात गेल्या काही वर्षांत एक बदल झाला आहे. साबणाची वडी गेली आणि तिच्या जागी बॉडी वॉशची बाटली आली. देशातील बहुतेक घरांत आजही अंघोळ वडीनेच होते. परंतु बाटलीकडे जाणे म्हणजे पुढे जाणे, अधिक स्वच्छ होणे, अशी समजूत मात्र बाटलीच्या आधी घरोघर पोचली आहे. माझा आक्षेप बाटलीवर नाही, या समजुतीवर आहे. ही समजूत विज्ञानातून आली की आणखी कुठून, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम बाटलीची बाजू नीट ऐकून घेऊ. ती तीन गोष्टी सांगते. पहिली, वडी अनेकांच्या अंगावर फिरते, म्हणून तिच्यावर जंतू बसतात. दुसरी, वडी त्वचा कोरडी करते, बाटलीतला द्रव सौम्य असतो. तिसरी, बाटली सोयीची असते.

जंतूंचे म्हणणे तपासून झालेले आहे. १९८८ मध्ये हायन्झ आणि याकोविच या संशोधकांनी साबणाच्या वड्यांना मुद्दाम जंतू लावले आणि सोळा जणांना त्या वड्यांनी हात धुवायला सांगितले. धुतलेल्या हातांवर ते जंतू सापडले नाहीत. वडीवर जंतू असू शकतात, पण फेस आणि पाणी त्यांनाही घेऊन जाते, एवढाच त्याचा अर्थ. तरीही मिन्टेल या बाजार-संशोधन संस्थेने २०१६ मध्ये अमेरिकेतील ग्राहकांना विचारले, तेव्हा ४८ टक्के लोकांना वापरलेली वडी जंतूंनी माखलेली असते असे वाटत होते. अठरा ते चोवीस वयोगटात हे प्रमाण ६० टक्के होते, आणि पासष्टीच्या पुढच्यांत केवळ ३१ टक्के. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर घरच्यांबरोबर एक वडी वापरली त्यांना तिची भीती कमी, आणि ज्यांनी ती फारशी वापरलीच नाही त्यांना अधिक! प्रयोगशाळेने दिलेली ही भीती नव्हे. ती बाजाराने घडविलेली आहे.

त्वचेच्या म्हणण्यात मात्र तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. तेल किंवा चरबी यांवर कॉस्टिक सोड्याची क्रिया करून झालेला खरा साबण अल्कधर्मी असतो, तर आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते. बॉडी वॉशमध्ये बहुधा साबण नसतो. त्यात सौम्य डिटर्जंट, सुगंध आणि बरेचसे पाणी असते. ज्याची त्वचा कोरडी आहे, ज्याला इसब आहे, त्याला डॉक्टर असा द्रव सांगतात, त्यात गैर काही नाही. पण असा सौम्य डिटर्जंट वडीच्या रूपातही मिळतो. १९५७ मध्ये अमेरिकेत आलेली डव्हची वडी मुख्यतः याच जातीची होती. तेव्हा त्वचेचा प्रश्न सोडवायला बाटलीच पाहिजे असे नाही. उरली सोय. सोय ही ज्याची त्याची बाब आहे, तिच्यावर वाद घालण्याचे कारण नाही.

येथे वाचकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिन्ही युक्तिवाद तपासल्यावर जो सर्वांत कच्चा निघाला तोच लोकांच्या तोंडी सर्वांत पक्का बसला आहे. वडी बदलणाऱ्याला विचारा, तो त्वचेचे बोलणार नाही. तो म्हणेल, दुसऱ्याच्या अंगावर फिरलेली वडी आपल्या अंगाला कशी लावायची? माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीने वसतिगृहातल्या सामाईक वडीबद्दल बोलताना 'उष्टा साबण' हे शब्द वापरले. मुलगी हुशार, सरळ मनाची. तिच्या मनात जातीचा विचारही नव्हता. पण भाषेला आठवण असते. उष्टे हा शब्द अन्नाचा. कोणाचे उष्टे कोणी खायचे याचा सारा हिशेब गावगाड्याने करून ठेवला होता. ओमप्रकाश वाल्मीकींनी आपल्या आत्मकथनाला 'जूठन' हे नाव दिले ते उगाच नव्हे. जो शब्द आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ताटात वाढला गेला, तो आता साबणाला चिकटतो आहे. साबण तर स्वतःच धुऊन निघणारी वस्तू आहे. पाणी ओतले की ती पुन्हा कोरी. जी वस्तू मळूच शकत नाही तिला उष्टी म्हणायचे असेल, तर म्हणणाऱ्याला मळाची भीती नाही. त्याला स्पर्शाची भीती आहे.

मळ आणि विटाळ यांतला हा फरक आपल्याला नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळे 'शुद्ध' करून घेतले. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे मिश्रण भरलेल्या १०८ घागरी पाण्यात ओतून. माणसाच्या ओंजळीने बाटलेले पाणी शेणाने शुद्ध झाले! स्वच्छतेशी या शुद्धतेचा काडीचाही संबंध नाही, हे सांगायला दुसरा दाखला लागू नये. पुढे १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात बाबासाहेबांनी हा भेद शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. जन्म, मृत्यू, मासिक पाळी यांमुळे लागणारा विटाळ जगातील अनेक समाजांत होता, पण तो तात्पुरता होता आणि विधीने फिटत होता. हिंदू समाजातील अस्पृश्यता मात्र वंशपरंपरेने चालणारी आणि कायमची. ती कोणत्याही स्नानाने फिटत नाही. म्हणजे ती अंगावर नसतेच. ती बघणाऱ्याच्या डोक्यात असते.

या दृष्टीने पाहता बाटलीचे खरे आश्वासन काय आहे? तुमच्या आधी हिला कोणी शिवलेले नाही, एवढेच. सोवळ्याचेही आश्वासन हेच होते. सोवळे नेसलेल्या माणसाला कोणी शिवायचे नाही. त्याने भरलेले पाणी, त्याने धुतलेले वस्त्र, सारे वेगळे. फरक इतकाच की जुने सोवळे जन्माने मिळत होते आणि हे पैसे टाकून दुकानात मिळते. विकत मिळते म्हणून ते लोकशाहीचे आहे, असे कोणी म्हणेल. तसे म्हणणाऱ्यांनी शहरातल्या काही घरांची मांडणी एकदा पाहावी. मी पाहिली आहे. न्हाणीघरात घरच्यांसाठी बाटल्यांची रांग, आणि भांडी घासायच्या मोरीपाशी फुटक्या साबणदाणीत कामवाल्या बाईंच्या हातांसाठी झिजलेली वडी. वडी वाईट म्हणून घरच्यांनी सोडली, आणि जी वाईट ठरली तीच बाईंना दिली. शिळी भाकरी, उतरलेले लुगडे, सोडलेली वडी ही एकाच रांगेतली दाने आहेत.

याचा अर्थ वडीच्या काळात समता नांदत होती असा मात्र कोणी घेऊ नये. वडीचे गुणगान करणाऱ्या हळव्या आठवणींपासून मी चार हात दूर आहे. लाइफबॉय १८९५ पासून भारतात विकला जातो. तो कष्टकऱ्यांचा साबण मानला गेला, आणि लक्स सिनेतारकांचा. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या, तेव्हा अंगाचा साबणही प्रतिष्ठेच्या उतरंडीवर चढला होता. आमच्या घरी आई लाल साबणाची वडी दोऱ्याने कापून दोन करी आणि एक तुकडा पुढच्या पंधरवड्यासाठी पत्र्याच्या डब्यात ठेवी. मोती साबण दिवाळीला यायचा आणि भाऊबीजेपर्यंत पुरवला जायचा. आमच्या आधीच्या पिढीला तेवढेही मिळाले नाही. वजरीने टाचा घासाव्यात, राखेने हात धुवावेत. आणि साबण असला तरी पाणी कुठे होते? पाणवठ्यावर जायची बंदी असलेल्या माणसाला अस्वच्छ म्हणणे हा या देशातला सर्वांत जुना विनोद आहे. ज्याने पाणी अडवले त्यानेच वासाची तक्रार केली.

जगातही हेच घडले. इंग्लंडच्या पिअर्स कंपनीने १८९९ मध्ये केलेल्या जाहिरातीत एक गोरा नौदल अधिकारी हात धुतो आहे, आणि जगातील 'काळ्या कोपऱ्यां'ना स्वच्छता शिकविणे हे गोऱ्या माणसाचे पहिले कर्तव्य असल्याचा संदेश त्याखाली आहे. त्याआधीच्या तिच्या एका जाहिरातीत काळ्या मुलाला अंघोळ घालून त्याचे अंग गोरे झाल्याचे दाखविले होते. ही पिअर्स पुढे १९१७ मध्ये लिव्हरने घेतली. शंभर वर्षांनी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, त्याच लिव्हरच्या वारसदार युनिलिव्हरच्या डव्हने बॉडी वॉशसाठी एक छोटी चित्रफीत प्रसारित केली. काळी स्त्री अंगातला कपडा काढते आणि त्याखालून गोरी स्त्री निघते. जगभर संताप उसळला, कंपनीने माफी मागितली. सर्व वर्णांच्या स्त्रियांसाठी आमची वस्तू आहे, एवढेच सांगायचे होते, असे तिचे म्हणणे होते. हेतू तपासायचे काम आपले नाही. समीक्षकाने पाहायचे ते इतकेच की वडी जाऊन बाटली आली, कागद जाऊन पडदा आला, पण चित्राची रचना बदलली नाही. मळ म्हणजे काळा, स्वच्छ म्हणजे गोरा, आणि मधे साबण.

आपल्या देशातही २०१७ हेच वर्ष साबणाचे ठरले. त्या वर्षीच्या मे महिन्यात उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या भेटीपूर्वी कुशीनगर जिल्ह्यातील मुसहर वस्तीत साबण आणि शाम्पू वाटल्याच्या बातम्या आल्या. साहेबांना भेटायचे, तर अंघोळ करून या! वस्तीला पाणी, जमीन, काम काय दिले हा प्रश्न मागे पडला, आणि मुसहरांच्या अंगाची परीक्षा पुढे आली. या अपमानाला गुजरातमधील दलित कार्यकर्त्यांनी दिलेले उत्तर मला अलीकडच्या काळातले एक उत्तम सांस्कृतिक विधान वाटते. त्यांनी १२५ किलोची साबणाची प्रचंड वडी तयार केली, तिच्यावर बुद्धाची प्रतिमा कोरली, आणि ती मुख्यमंत्र्यांना भेट द्यायला निघाले. मनातला जातिभेदाचा मळ धुण्यासाठी! जुलै महिन्यात त्यांना झाशी स्थानकावर पोलिसांनी अडविले आणि परत पाठविले. साबण वाटणाऱ्या व्यवस्थेला साबण घेण्याची मात्र भीती वाटली. कोणी अंघोळ करायची आहे हा प्रश्न या कार्यकर्त्यांनी उलटा करून ठेवला, आणि तो आजही तसाच उभा आहे.

आता आपल्या माणसांकडे वळतो. शिकून नोकरीला लागलेल्या आपल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीत स्वच्छतेविषयी एक विलक्षण ताण आहे. इस्त्री मोडलेली चालत नाही, घामाचा वास चालत नाही, पाहुणा न्हाणीघरात गेला तर तेथे बाटली दिसली पाहिजे. काही मित्र याची टिंगल करतात, ब्राह्मणी अनुकरण म्हणतात. मला ही टिंगल मान्य नाही. सवर्णाने बाटली घेतली की ती सवय, आणि आम्ही घेतली की अनुकरण, हा न्याय कुठला? चांगला वास येणे, अंगाला सुख वाटणे हा आमचाही हक्क आहे. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांना स्वच्छ राहायला, लुगडे नेसण्याची जातदर्शक पद्धत सोडायला सांगितले, तेव्हा ते स्त्रियांच्या स्वाभिमानाविषयी बोलत होते. सवर्णांनी पसंत करावे म्हणून त्यांनी ते सांगितले नव्हते.

अडचण येथेच आहे. स्वाभिमान म्हणून स्वच्छ राहणे आणि दाखला म्हणून स्वच्छ राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखला मागणारा कधी समाधानी होत नाही. बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा १९६३ च्या संग्रहात आली. तिचा नायक रेल्वेत कामाला लागलेला, वाचणारा, कविता करणारा तरुण आहे. जात कळेपर्यंत सोबतचे सवर्ण त्याला मान देतात, जवळ करतात. जात कळताच त्याला बेदम मारहाण होते. दोन्ही वेळी अंग तेच, कपडे तेच, त्याच्या तोंडची भाषा तीच. बदलली ती फक्त एक माहिती. ही कथा मी दरवर्षी शिकवतो, आणि दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतो की त्याने आणखी काय करायला हवे होते? कथेचे उत्तर असे की त्याने काहीच करायचे राहिलेले नव्हते. जे अंगावर नाही ते अंग धुऊन जाणार नाही, मग वडी वापरा की बाटली. आपल्या मध्यमवर्गाने हे मनाशी पक्के केले, तर बाटली ही साधी बाटली होईल. दाखला म्हणून तिच्यावर टाकलेला भार उतरेल.

परंतु बाटलीची गोष्ट न्हाणीघरात संपत नाही. जाहिरात जिथे थांबते तिथून आपण पुढे गेले पाहिजे. वडी झिजते, संपते, मागे वेष्टन उरते. बाटली संपली की बाटलीच उरते. तिला जाड प्लॅस्टिकचे अंग असते, वर पंप असतो, पंपात धातूची स्प्रिंग असते. पैसे वाचविण्यासाठी घेतलेले जोडपाकीट अनेक थरांच्या प्लॅस्टिकचे असते, भंगारवाला त्याला हात लावत नाही. हे सारे कोणाच्या हातात जाते? पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्यांत बहुसंख्य दलित. या बायाच घरोघरच्या कचऱ्यातून बाटली वेगळी काढतात, तळाशी राहिलेला चिकट द्रव पुसतात, पंप उपसून टाकतात, रंगाप्रमाणे वेगळे करतात आणि वजनावर विकतात. प्लॅस्टिकची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम २०१६ मध्ये झाले, पण बाटलीला प्रत्यक्ष हात लावतो तो कंपनीचा माणूस नव्हे.

म्हणजे कोणी शिवू नये म्हणून जी बाटली घेतली, तिने स्पर्श संपविलेला नाही. तो उचलून दुसऱ्याच्या हातांवर ठेवला आहे. एकाच्या सोवळ्यासाठी दुसऱ्याने ओवळे व्हायचे, ही तर वर्णव्यवस्थेची मूळ श्रमविभागणी. फार तर असे म्हणता येईल की पूर्वी ती धर्मग्रंथात होती, आता ती घंटागाडीत आहे. आणि गंमत अशी की दिवसभर बाटल्या उपसणाऱ्या या बाईंना संध्याकाळी हात धुवायला वर्गीकरणाच्या शेडमध्ये नळ आहे काय, अंघोळीला आडोसा आहे काय, हे विचारायला स्वच्छतेची एकही जाहिरात जात नाही.

आपल्या लेखकांनी आणि कार्यकर्त्यांनी येथे लक्ष द्यावे असे मला वाटते. दलित आत्मकथनांनी पाणवठा, शिळी भाकरी, मेलेले ढोर, उतरलेला कपडा या वस्तूंचा इतिहास मराठीत प्रथम लिहिला. वस्तूंमधून जात कशी चालते हे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर वस्तू बदलल्या. जात आता वेगळा कप होऊन येते, इमारतीतली वेगळी लिफ्ट होऊन येते, मोरीवरची वडी होऊन येते. तिच्या तोंडी धर्माची भाषा राहिलेली नाही, ती जंतूंची भाषा बोलते, आणि म्हणून सुशिक्षित माणूस तिच्यापुढे गप्प बसतो. या भाषेची झडती घेणे हे आजच्या लेखनाचे काम आहे. जंतू खरे आहेत, रोगही खरे आहेत, त्यांच्याशी आपले भांडण नाही. पण जिथे जंतूचे नाव घेऊन माणसाला लांब ठेवले जाते, तिथे प्रयोगाचा पुरावा मागितलाच पाहिजे.

विद्यार्थ्यांना मी एक साधी कसोटी सांगतो, ती येथे मांडून थांबतो. स्वच्छतेची कोणतीही नवी वस्तू, नवी सवय, नवी मोहीम समोर आली की दोन प्रश्न विचारावेत. तिने मळ जातो की माणूस लांब जातो? आणि तिच्यामागे राहिलेला मळ कोण उचलतो? या प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली तर वडी वापरावी, बाटली वापरावी, ज्याला जे परवडेल आणि मानवेल ते वापरावे. ती मिळत नसतील तर कितीही सुगंधी असली तरी ती वस्तू सोवळेच आहे, असे खुशाल समजावे. आणि कामगार संघटनांनी, वस्तीतल्या मंडळांनी, महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी मागणी करायची असेल तर ती साबणाची करू नये. साबण आम्ही आमचा विकत घेऊ. मागणी करावी ती प्रत्येक वस्तीत पुरेशा पाण्याची, आणि जे हात दुसऱ्यांची घाण उचलतात त्यांच्यासाठी कामाच्या जागी नळाची, आडोशाची आणि कामाच्या वेळेतच अंघोळीला मिळणाऱ्या अर्ध्या तासाची. चवदार तळ्यावरचा लढा पाण्याचा होता. तो अजून पाण्याचाच आहे.